आपलाच पक्ष काढला तर?

मुरबाडकडचा माझा मामा वर्षातून दोनदा ठाण्याला येतो. एकदा डोळे तपासायला आणि एकदा भात भरडून झालं की पोतंभर तांदूळ पोचवायला. गेल्या खेपेला पोतं आमच्या कळव्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढवून झालं, लिफ्ट बंद होती, आणि घाम पुसता पुसता त्यानं विचारलं, "रिक्षावाल्यांची युनियन आहे, डॉक्टरांचा संघ आहे, बिल्डरांना तर कुठल्याच पक्षाचं दार बंद नाही. मग शेतकऱ्यांनी आपलाच पक्ष का काढू नये? मोजून बघ, आपण सगळ्यात जास्त."

मी तेव्हा "पक्ष काढणं सोपं नसतं मामा" असलं काहीतरी पुटपुटलो. ते उत्तर तर लटकं होतंच, वर चुकीचंही होतं. पक्ष काढणं सोपंच असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम २९अ सांगतं की पक्ष स्थापन केल्यापासून तीस दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज करायचा, सोबत पक्षाची घटना जोडायची, निदान शंभर सदस्य दाखवायचे. तलाठ्याकडून फेरफार नोंद करून घेण्यापेक्षा हे काम कमी कटकटीचं असेल. अवघड आहे ते त्यानंतरचं, आणि ते नीट समजून घ्यायचं तर मामाच्या "आपण सगळ्यात जास्त" या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागते.

२०११ च्या जनगणनेत स्वतःची जमीन कसणारे म्हणून नोंदले गेलेले लोक ११ कोटी ८८ लाख होते आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. म्हणजे शेतीवर जगणाऱ्यांमध्ये दुसऱ्याच्या बांधावर काम करणारे जास्त आहेत. मजुराला मजुरी वाढलेली हवी, मालकाला ती आटोक्यात हवी. लावणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरला माणूस मिळत नाही म्हणून मामा जेव्हा कुरकुरतो, तेव्हा समोरच्या कातकरी वाडीतल्या बाईची तीच कमाईची वेळ असते. दोघंही एका पक्षात बसले तर जाहीरनाम्यात मजुरीबद्दल काय लिहायचं? बहुतेक काहीच लिहिणार नाहीत. पक्ष अशाच जागा कोऱ्या सोडतात.

बरं, शेतकरी म्हणायचं कोणाला? महाराष्ट्रात त्याचा पुरावा म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर नाव असलेलाच पुन्हा शेतजमीन विकत घेऊ शकतो, म्हणून ठाण्यातल्या कित्येक पैसेवाल्यांनी कुठून तरी ते नाव लावून घेतलेलं असतं. बारवीच्या बाजूला, माळशेजच्या वाटेवर ज्यांची फार्महाउसं आहेत ते कागदावर शेतकरी. उलट मार्च २०१८ मध्ये नाशिकहून जे हजारो लोक पायी निघाले आणि कसारा घाट उतरून शहापूर, भिवंडी, ठाणे करत मुंबईत पोचले, त्यातल्या असंख्य आदिवासींची मुख्य मागणीच ही होती की बापजाद्यांपासून कसतोय ती वनजमीन आमच्या नावावर करा. २००६ चा वनहक्क कायदा होता, दावे पडून होते. पायाची साल निघालेल्या त्या बायकांच्या चपला बघून ठाणे-मुलुंडकरांनी रात्री पाणी, बिस्किटं, वहाणा दिल्या. दहावीच्या मुलांना पेपरला जाताना अडथळा नको म्हणून ते मोर्चेकरी शेवटचा टप्पा रात्रीतच चालून गेले. एवढे शेतकरी आणि हातात सातबारा नाही. आणि घराघरातली बाई? खुरपणी, लावणी, कापणी तिची, उतारा नवऱ्याचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढं बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, ती याच कारणानं.

तरी धरून चालू की हे सगळे एका झेंड्याखाली आले. आता निवडणुकीचं गणित. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं वाया. त्यामुळे एकूण मतं किती यापेक्षा ती कुठं साठलेली आहेत याला जास्त महत्त्व. ठाणे जिल्ह्याचंच बघा. विधानसभेच्या १८ जागा. ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा, मुंब्रा-कळवा, ऐरोली, बेलापूर, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, मीरा-भाईंदर असं मोजत गेलं की शेती हा निवडणुकीचा विषय होऊ शकेल अशा जेमतेम तीन उरतात : शहापूर, मुरबाड, भिवंडी ग्रामीण. त्यातल्या शहापूर आणि भिवंडी ग्रामीण अनुसूचित जमातींसाठी राखीव. म्हणजे कुणबी-आगरी शेतकऱ्यांचा पक्ष निघाला तर त्याच्या पुढाऱ्याला स्वतःला उभं राहायला मुरबाड एवढा एकच मतदारसंघ. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग नवी मुंबईतले आपले लोक?" तिकडे येतोच, कारण ती गोष्ट वेगळी आणि जास्त बोलकी आहे.

समजा एखाद्या मतदारसंघात दोन लाख वैध मतं पडली. अनामत वाचवायला एक षष्ठांश, म्हणजे तेहतीस-चौतीस हजार लागतात. नव्या पक्षाला वीस हजार पडली तरी अनामत जाणार आणि लोक म्हणणार, "शेतकऱ्यांनीच शेतकऱ्याला पाडलं." खरं तर वीस हजार लोकांनी त्याला मत दिलेलं असतं. पंजाबात हे फार ठळकपणे दिसलं. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसून तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावलेल्या संघटनांपैकी बावीस संघटनांनी डिसेंबर २०२१ मध्ये बलबीरसिंग राजेवाल यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त समाज मोर्चा काढला. दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक. एकही जागा आली नाही, खुद्द राजेवाल यांची समराळ्यात अनामत गेली आणि आम आदमी पक्षाला ११७ पैकी ९२ जागा मिळाल्या. ज्या गावांनी वर्षभर ट्रॉल्या भरून धान्य, दूध, माणसं पाठवली, त्याच गावांनी मतं दुसरीकडे दिली. लोक उलटले म्हणावं तर तसंही नाही. आंदोलनाला त्यांनी 'कायदे मागे घ्या' यासाठी साथ दिली होती. मत देताना ते शाळा, वीजबिल, नशेच्या गोळ्या आणि जुन्या पक्षांचा कंटाळा हे सगळं मोजत होते. शिवाय आंदोलनातल्या बाकीच्या संघटनांनी निवडणूक लढवणाऱ्यांपासून फारकत घेतली. वर्षभराची एकी दोन महिन्यांत गेली, ते वेगळंच.

उलट उदाहरणही आहे, आणि ते आपल्याच राज्यातलं. ऊसवाल्यांचे नेते राजू शेट्टी २००४ साली शिरोळमधून आमदार झाले, २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्यातून खासदार. "एक नोट, एक वोट" म्हणत लोकांनी पैसे आणि मतं दोन्ही दिली. हे जमलं याचं कारण ऊस. एकाच पट्ट्यात, एकच पीक, समोर एकच साखर कारखाना, दरवर्षी एकच भांडण : पहिली उचल, म्हणजे उसाचा पहिला हप्ता, किती. मतं साठलेली, प्रश्न साधा, विरोधक डोळ्यासमोर. कांदा, भात, कापूस, द्राक्षं, दूध यांचं तसं नाही. आणि शेट्टींचंही पुढं काय झालं? भाजपबरोबर युती, मग फारकत, सदाभाऊ खोत वेगळे होऊन त्यांची रयत क्रांती संघटना, २०१९ ला पराभव, २०२४ ला पुन्हा पराभव. उसाच्या दराचा प्रश्न सुटला म्हणून ते हरले असं कोणी म्हणणार नाही.

परदेशातलं एक उदाहरण हल्ली बरेच जण देतात, नेदरलँड्सचं. तिथं 'शेतकरी-नागरिक चळवळ' नावाचा पक्ष २०१९ साली निघाला आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत एकदम पहिल्या क्रमांकावर गेला. पण तिथं देशभर जितके टक्के मतं तितक्या टक्के जागा, अशी पद्धत आहे. १५० जागांच्या सभागृहात टक्काभर मतावरही एक माणूस आत जातो, आणि २०२१ साली त्यांचा असा एकच माणूस आत गेला होता. त्या एका जागेवरून पुढं वाढता येतं. आपल्याकडे टक्काभर मतं म्हणजे शून्य जागा आणि पाच वर्षं घरी. पक्षाच्या नावात 'नागरिक' आहे हेही लक्षात ठेवण्याजोगं. नुसत्या शेतकऱ्यांवर भागत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपल्या लोकांना ते त्याहून आधी माहीत होतं. १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे वगैरे मंडळींनी काँग्रेसमधून बाजूला होत पक्ष काढला त्याचं नावच 'शेतकरी कामगार पक्ष', म्हणजे शेकाप. मामाच्या पिढीला हे नाव ठाऊक आहे, पण तो पक्ष शेतकऱ्यांचा म्हणून काढलेला होता हे कोणाच्या डोक्यात येत नाही. इतका तो अलिबाग-पेणकडचा, 'तिकडचा', होऊन बसला. त्याची मुळं आणखी मागं जातात. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी १९३३ साली खोतांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, विरोधात संप पुकारला, जमिनी कसायच्याच नाहीत असा. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप आजूबाजूच्या गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. लोकांनी लाकूडफाटा विकला, करवंदं विकली, पण शेतात पाय टाकला नाही. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. इथं दोन गोष्टी एकमेकींना धरून चाललेल्या दिसतात : बाहेर रिकामं ठेवलेलं शेत आणि आत मांडलेलं विधेयक. त्यातली एकच असती तर खोत हलला नसता.

शेकापचं पुढं जे झालं ते पक्ष काढू पाहणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. १९५० मध्ये पक्षानं दाभाडी प्रबंध स्वीकारला आणि मार्क्सवाद-लेनिनवादाची वाट धरली. शेतमालाचा भाव आणि कुळांचे हक्क एवढ्यासाठी आलेली माणसं बावरली. काही वर्षांत जेधे, मोरे यांच्यासारखे संस्थापकच काँग्रेसमध्ये परतले. राज्यभर पसरलेला पक्ष हळूहळू रायगड, सांगोला अशा बेटांवर उरला. सांगोल्यात गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, साधेपणानं राहिले आणि त्यांच्यावर लोकांनी जीव टाकला. पण एका तालुक्यातला विश्वास म्हणजे राज्याचं धोरण नव्हे.

आता नवी मुंबई. १९७० साली सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. आगरी-कोळी-कुणबी गावं. भातखाचरं, मिठागरं, खाडीचं खारं पाणी. उरणच्या जासईचे दि. बा. पाटील तेव्हा शेकापचे. पाच वेळा पनवेलमधून आमदार, दोनदा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. पुढं साडेबारा टक्के योजना आली : घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आज घणसोली, कोपरखैरणे, नेरूळला गावठाणाला लागून ज्या इमारती दिसतात, त्यातल्या कितीतरी त्या भूखंडांवरच्या. देशात इतर ठिकाणी जमीन गेलेल्यांना जे मिळालं त्याच्याशी तुलना केली तर ही लहान गोष्ट नाही. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यात ज्यांनी कधी नांगर धरला नाही अशी पोरं जास्त होती. हे ऋण असं एक पिढी ओलांडून येतं.

म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष असला की फायदा होतो, असं इथं सिद्ध झालं का? अर्धं झालं. दिबांना विधानसभेत आणि लोकसभेत बोलायला जागा होती ती पक्षामुळे. पण सरकार हललं ते जासईच्या रस्त्यावर काय झालं त्यामुळे. आणि या गोष्टीला एक शेवट आहे ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जमीन गेली तसे शेतकरी प्रकल्पग्रस्त झाले, मग भूखंडधारक, मग घरमालक. बाहेरून लाखो लोक राहायला आले, त्यांच्या सोसायट्या झाल्या, त्यांना पाणी, लोकल, पार्किंग हवं. पूर्वी जिथं म्हातारीकोतारी डोळे मिटून शेकापच्या खटारा या निशाणीवर शिक्का मारायची, त्या पनवेलमध्ये शेकाप मागं पडत गेला. हा कोणाचा विश्वासघात नव्हता. पक्षाचा मतदार म्हणजे शेतकरी, आणि शेतकरीच शिल्लक राहिला नाही. ठाणे जिल्ह्यात समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत येऊन पोचलेला असताना, शिळफाट्याच्या बाजूनं बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत असताना, शेतकऱ्यांचा पक्ष काढणाऱ्यानं हा हिशोब आधी करावा : पंधरा वर्षांनी आपला मतदार कुठं असेल?

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, जो मामाला समजवायला मला दोन चहा लागले. शेतकऱ्यांना हवं असलेलं सगळं एकाच दिशेला नसतं. शेतमालाचा बाजार खुला करू पाहणाऱ्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांचंच घ्या. पंजाबच्या शेतकऱ्यानं ते जीव तोडून विरोध करून पाडले. महाराष्ट्रातल्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्यांना पाठिंबा दिला होता, आणि सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीत तिचे अनिल घनवट होते. दोघंही शेतकरी, दोघंही प्रामाणिक. मग फरक कुठला?

पंजाबात गहू आणि भात पिकतो. तो सरकार हमीभावानं, मंडईतून, मोठ्या प्रमाणावर खरेदी करतं. तिथल्या शेतकऱ्याचं पोट त्या खरेदीवर आहे. खुला बाजार आला की ही खरेदी बारगळेल, ही त्याची भीती. नाशिक-पुण्याच्या कांदेवाल्याचा अनुभव याच्या नेमका उलटा. त्याचा माल सरकार हमीभावानं घेतच नाही. सरकार त्याच्या आयुष्यात येतं ते भाव वाढले की ते पाडायला : निर्यातबंदी, निर्यातशुल्क, साठ्यावर मर्यादा. त्याला वाटतं सरकारनं बाजूला व्हावं. एकाला सरकार बाजारात हवं, दुसऱ्याला बाजारातून बाहेर. लोकसभेत त्या कायद्यांवर मतदान घ्यायची वेळ आली असती, तर देशभरच्या शेतकऱ्यांचा एक पक्ष हात कोणत्या बाजूला वर करणार होता? माझ्या मते हा पक्ष त्या दिवशीच फुटला असता.

शरद जोशी यांच्याच वाटचालीत हा पेच दिसतो. चाकणच्या कांद्यापासून त्यांनी सुरुवात केली, १९८० मध्ये नाशिकला कांदा-उसाचं आंदोलन पेटलं, 'इंडिया विरुद्ध भारत', म्हणजे शहर विरुद्ध खेडं, ही मांडणी त्यांनी खेड्यापाड्यात पोचवली. पुढं १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. लाखांच्या सभा घेणाऱ्या या माणसाच्या पक्षाला २००४ च्या विधानसभेत एक जागा मिळाली, विदर्भातल्या राजुऱ्याची. सभेला आलेला माणूस आणि मत देणारा माणूस एकच असतो, पण मतदानाच्या दिवशी त्याच्या डोक्यात भावाबरोबर जात, भावकी, गावातला गट, पोराची नोकरी आणि सोसायटीचं कर्ज कोण मंजूर करतो हेही असतं.

शिवाय निर्णय कुठं होतो हेही बघायला हवं. राज्यघटनेनुसार शेती हा राज्याचा विषय. पण कांदा परदेशी जायचा की नाही, पामतेल आयात करताना किती कर, हमीभाव किती, खताला अनुदान किती, हे सगळं दिल्लीत ठरतं. म्हणजे मंत्रालयात पाच-सात आमदार घेऊन बसलेल्या शेतकरी पक्षाला कांद्याच्या भावाचं मुख्य बटणच हाताशी नाही. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या जागा ४८. त्यातल्या दोन-तीन जिंकल्या तरी मंत्रिमंडळ आपल्याला विचारेलच असं नाही.

तरीही बटण दाबलं जातं, आणि ते कसं हे २०२३-२४ मध्ये दिसलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ट्रक नेहमीसारखे येत राहिले, ठाण्यात आम्ही नेहमीसारखा कांदा घेत राहिलो, आणि लासलगावच्या कांदा बाजारात भाव खाली आले. लोकसभेचं मतदान चालू असताना मे महिन्यात बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलं. निकालात दिंडोरी आणि नाशिक दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या, आणि कांद्यानं रडवलं हे त्यांच्याकडच्या लोकांनीही कबूल केलं. विधानसभेच्या आधी, सप्टेंबरमध्ये, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं. या सगळ्यात शेतकऱ्यांचा स्वतःचा पक्ष कुठंच नव्हता. मत फिरतं आणि ते कशासाठी फिरलं हे सगळ्यांना समजतं, एवढ्यानं काम झालं.

निर्यातशुल्क लागायच्या काही महिने आधी, मार्च २०२३ मध्ये, दिंडोरीहून निघालेला लाँग मार्च आमच्या शहापूर तालुक्यात वाशिंदला थांबला. मैदानात माणसं बसून होती आणि चर्चा मुंबईत चालू होती. कांद्याला क्विंटलमागं ३५० रुपये अनुदान मंजूर झालं आणि वनहक्काच्या मागण्यांवर समिती नेमायचं ठरलं. तो मोर्चा किसान सभेचा, आणि किसान सभेचे धागे मार्क्सवादी पक्षाशी जुळलेले. १९४५ साली महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन आपल्या टिटवाळ्याला भरलं होतं आणि त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांनी तलासरी-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. पक्ष वेगळा, शेतकऱ्यांची संघटना वेगळी, आणि दोन्हींचे लोक एकमेकांना ओळखणारे, असा हा तिसरा प्रकार आहे. डहाणूला आजही त्या पक्षाचा आमदार निवडून येतो. पण सगळ्या महाराष्ट्रातल्या कांदेवाल्याला लाल झेंडा आपला वाटत नाही, ही त्याची मर्यादा.

मामाच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणाला, "विधानसभेत निम्मे आमदार शेतकऱ्यांचीच पोरं आहेत म्हणतोस. मग तोंड का उघडत नाहीत?" कारण व्हिप. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे मोठ्या पक्षातला शेतकरी आमदार मनातून कितीही आपला असला तरी मत पक्षाचं देतो. स्वतःचा पक्ष असला की व्हिप आपला. सप्टेंबर २०२० मध्ये अकाली दलाच्या हरसिमरत कौर बादल यांनी कृषी विधेयकांवरून केंद्रीय मंत्रिपद सोडलं आणि काही दिवसांत अकाली दल आघाडीतून बाहेर पडला, ते शक्य झालं कारण तो वेगळा पक्ष होता. चौधरी चरणसिंग १९६७ साली काँग्रेसमधून बाहेर पडून भारतीय क्रांती दल उभारू शकले, बारा वर्षांनी पंतप्रधान झाले. स्वातंत्र्याआधी पंजाबात सर छोटूराम यांच्या युनियनिस्ट पक्षानं सावकारी कर्जाविरुद्धचे कायदे करून घेतले. पण या तिन्ही पक्षांना नुसतं 'शेतकऱ्यांचा' म्हणणं अपुरं. त्यांच्यामागं ठरावीक जाती, धर्म, प्रदेश घट्ट बांधलेले होते. शेती त्यांच्यावर बसली, त्यांना जन्माला तिनं घातलं नाही.

आणि सत्तेत गेलेल्या पक्षाला शहराकडेही बघावं लागतं. शहापूरला भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं. मुंबईला तिथून पाणी जातं आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघतात. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणेल, आधी इथल्या शेताला. बरोबरच म्हणेल. पण तोच पक्ष मुख्यमंत्रिपदी बसला की त्याला मुंबईचे नळ बंद करता येतील का? वाशीच्या मार्केटमध्ये शेतकऱ्याला कांद्याचे किलोला तीस रुपये मिळावेत आणि कळव्यात मला तो चाळीसच्या आत मिळावा, हे दोन्ही साधायचं तर मधल्या अडत, हमाली, वाहतूक, नासाडी, किरकोळ विक्रेत्याचं पोट, सगळ्यात हात घालावा लागतो. आंदोलनाला 'नाही' म्हणता येतं. पक्षाला 'नाही'नंतर अर्थसंकल्प मांडावा लागतो, आणि त्यात शिक्षकांचा पगारही असतो.

म्हणून मला विचाराल तर राज्य पातळीवर आज नवा शेतकरी पक्ष काढू नये. संघटना घट्ट ठेवावी, एका वेळी एकच मागणी धरावी, मत कोणाच्याही दावणीला बांधू नये आणि ते कशावर फिरणार हे निवडणुकीच्या सहा महिने आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं. ज्या सभागृहांत शेतकरी खरोखर बहुसंख्य आहे आणि जिथं प्रश्न फक्त शेतीचाच आहे, तिथं मात्र पक्षासारखं लढावं. विविध कार्यकारी सोसायटी, बाजार समिती, खरेदी-विक्री संघ. पीककर्ज कोणाला, भाताचं खरेदी केंद्र कधी उघडणार, बारदान आहे की नाही, वजनकाटा बरोबर आहे का, हे तिथं ठरतं. या निवडणुका गावात कोणाला कळतही नाहीत. दोन गट आपसात जागा वाटून घेतात, बिनविरोध म्हणून हार घालतात, आणि मग तेच संचालक बाजार समितीसाठी मतदान करतात.

मामानं हे शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की त्यांची सोसायटी गेली दोन वेळा बिनविरोधच झाली. फॉर्म भरायची तारीख कधी होती, हे त्याला तारीख उलटून गेल्यावर चहाच्या टपरीवर कळलं होतं. यंदा मतदारयादीत आपलं नाव तरी आहे का, ते आधी बघतो म्हणाला. मग रिकामं पोतं नीट घडी घालून पिशवीत ठेवलं आणि कल्याणला जाऊन मुरबाडची एसटी धरली.